झडप तिकडची, कोड ऐरोलीतला

मागच्या अंकात शेवटी मी सहज लिहून बसले की हार्टच्या व्हॉल्व्हचे प्रश्न असतील तर पाठवा, आणि महिनाभर इनबॉक्स नुसता झडपांनी भरलाय. ज्यांना आपलं काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ऑपरेशन अमेरिकेत होतं, त्याची नोट ठाणे-नवी मुंबईतल्या ऑफिसात येते, ती वाचून आपण आजाराचा कोड आणि ऑपरेशनचा कोड देतो आणि त्यावर तिकडे बिल निघतं. मी चौदा वर्षं हेच करतेय, आता ऑडिटला आहे, म्हणजे लोकांच्या चुका काढायचा पगार घेते. सगळ्या पत्रांना उत्तरं देणं शक्य नाही, पाच निवडलीत.

ताई, मी सहा महिन्यांपूर्वी कार्डिओथोरॅसिक टीमला शिफ्ट झालोय. एका केसला नोटच्या वरच 'ट्रान्सफेमोरल टीएव्हीआर' लिहिलेलं, आत झडप घालण्याआधी जांघेत छेद घेतल्याचं होतं, मी ३३३६१ टाकला. ऑडिटला एरर आला, म्हणे ३३३६२ पाहिजे. दोन्ही मांडीतूनच ना? आणि मॉडिफायर ६२, क्यू-शून्य हे सगळं नक्की कधी लावायचं?
*एक वाचक, घणसोली*

अरे, मांडी तीच पण आत शिरायची रीत वेगळी. टीएव्हीआर म्हणजे छाती न उघडता कॅथेटरवरून एऑर्टिक झडप (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, एऑर्टाच्या तोंडाची) बसवणं, त्याचे सहा कोड आहेत आणि सहाही रस्त्यावरून पडलेत. सुईने टोचून मांडीतल्या फेमोरल आर्टरीतून गेले तर ३३३६१, जांघेत कापून तीच आर्टरी उघडी केली तर ३३३६२, काखेकडची ॲक्सिलरी उघडली तर ३३३६३, इलियॅक उघडली तर ३३३६४, छातीतून थेट एऑर्टात शिरले तर ३३३६५ आणि हृदयाच्या टोकातून गेले तर ३३३६६. मानेतल्या कॅरोटिडमधून गेले तर यातला एकही नाही, तिथे अनलिस्टेड, म्हणजे यादीत नसलेल्यांसाठीचा, ३३९९९ द्यायचा आणि सोबत नोट पाठवायची. गंमत म्हणजे फ्रान्समध्ये रुआँ इथे २००२ साली आलाँ क्रिबिए यांनी माणसात पहिल्यांदा ही झडप बसवली तेव्हा ते शिरेतून जाऊन हृदयाच्या मधल्या पडद्याला भोक पाडून पलीकडे पोचले होते, म्हणजे पहिल्याच केसला आपल्या या सहातला कोड बसला नसता!

'ट्रान्सफेमोरल' या शब्दात टोचणं पण येतं आणि कापणं पण येतं. मथळा सर्जनने (खरं तर बऱ्याचदा टेम्पलेटने) लिहिलेला असतो, त्याच्यावर कोड द्यायचा नसतो. आणि हे मी तुला उपदेश म्हणून सांगत नाहीये, हीच चूक मी केलीय. हे कोड २०१३ ला नवीन आले त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट, पहाटेचे साडेतीन, टार्गेटला चार चार्ट कमी, चहा संपलेला. नोट चार पानांची. पहिल्या पानावर ट्रान्सफेमोरल, मी ३३३६१ टाकून पुढे. दुसऱ्या पानाच्या मधोमध, ॲनेस्थेशिया आणि हेपरीनच्या वाक्यांमध्ये दबून एक ओळ होती की उजव्या जांघेत तिरका छेद घेतला, कॉमन फेमोरल मोकळी केली आणि वर-खाली व्हेसल लूप (आर्टरी आवळून धरायच्या दोऱ्या) टाकले. आणि चौथ्या पानावर आर्टरी ५-० प्रोलीनच्या धाग्याने शिवली. हे सगळं मी वाचलंच नव्हतं, स्क्रोल केलं होतं.

तेव्हापासून मी दोन जागा आधी बघते, आत कसे शिरले आणि बाहेर पडताना भोक कसं बुजवलं. व्हेसल लूप, आर्टेरिओटॉमी, प्रोलीन हे शब्द दिसले की कापलंय. मायक्रोपंक्चरची सुई, शीथ, शेवटी परक्लोज (न कापता आर्टरीचं भोक शिवणारं उपकरण) लावलं असं दिसलं की टोचलंय. शिरतानाचं वाक्य गुळमुळीत असेल तरी निघतानाचं सहसा स्पष्ट असतं कारण तिथे रक्त थांबलं का ते लिहावंच लागतं. आता एक फसवं: सुरुवात टोचून, शेवटी परक्लोज धरलं नाही म्हणून रक्त थांबवायला कापून शिवलं. तिथे झडप टोचलेल्या रस्त्यानेच गेली, त्यामुळे नुसतं बुजवायला कापलं म्हणून ३३३६२ होत नाही. तुझ्या केसमध्ये मात्र तू लिहिलंयस की झडप घालण्याआधीच छेद होता, मग ऑडिटर बरोबर आहे, रागावू नकोस.

यात काय काय पोटात जातं तेही बघून घे, कारण नवीन मुलं प्रत्येक गोष्टीला वेगळा कोड लावतात आणि क्लेम उलटून येतो. आधी बलूनने झडप फुगवणं, केसपुरती टेम्पररी पेसिंग वायर, रस्ता दिसण्यापुरती अँजिओग्राफी, शेवटचं क्लोजर, हे सगळं आतच. परमनंट पेसमेकर घालावा लागला तर तो वेगळा मिळतो. मेंदूकडे कचरा जाऊ नये म्हणून गाळणी लावली तर ३३३७० ॲड-ऑन (मुख्य कोडला जोडूनच द्यायचा), २०२२ पासून. बायपास मशीन लावलं तर ३३३६७ ते ३३३६९ पैकी एक, आणि इथेही परत तोच प्रश्न की नळ्या टोचून घातल्या, कापून घातल्या की थेट छातीत घातल्या.

मॉडिफायर म्हणजे कोडला लावायचं दोन अक्षरी शेपूट, ६२ म्हणजे दोन सर्जन. मेडिकेअरची (तिकडचा सरकारी विमा, मुख्यतः ज्येष्ठांचा) अट आहे की कार्डिॲक सर्जन आणि इंटरव्हेन्शनल कार्डिऑलॉजिस्ट दोघांनी मिळून केस करायची, त्यामुळे दोघांच्याही क्लेमवर तोच कोड आणि दोघांनाही ६२, मग प्रत्येकाला फीच्या साडेबासष्ट टक्के मिळतात. एकाने लावला आणि दुसऱ्याने विसरला तर ज्याने विसरला त्याला पूर्ण पैसे जायची वेळ येते आणि मग दोघांचंही अडकतं. क्यू-शून्य लागतो कारण मेडिकेअर ही प्रोसिजर २०१२ पासून 'पुरावा गोळा करत असाल तरच पैसे' या बोलीवर कव्हर करतं, म्हणजे पेशंट रजिस्ट्रीत किंवा ट्रायलमध्ये असायला हवा, म्हणून क्यू-शून्य, दुसरं डायग्नोसिस झेड००.६ आणि आठ आकडी ट्रायल नंबर, तिन्ही एकत्र, एक जरी राहिला तरी डिनायल, क्लेम नाकारला. प्रायव्हेट पेयरचं (खासगी विमा कंपनीचं) मात्र ज्याच्या त्याच्या पॉलिसीवर, तिथे आंधळेपणाने क्यू-शून्य चिकटवू नकोस.

मॅडम, नोटमध्ये 'एव्हीआर विथ रूट एन्लार्जमेंट' (एऑर्टिक झडप बदलणं आणि तिची जागा रुंद करणं) होतं, मी ३३४०५ दिला आणि एन्लार्जमेंटला वेगळा कोड शोधत बसले, सापडला नाही. आणि झडप मेकॅनिकल की टिशू याने कोड बदलतो का?
*एक वाचक, नौपाडा, ठाणे*

सापडणार नाही कारण एन्लार्जमेंट वेगळं नाहीये, ते झडपेच्या कोडमध्येच शिजवलंय. ३३४०५ म्हणजे छाती उघडून, बायपास मशीनवर, साधी एऑर्टिक झडप बदलणं. पण काही पेशंटची झडप बसायची जागाच एवढीशी असते की बरी साइज मावतच नाही (मैत्रिणीच्या लग्नात भरलेली बांगडी आठवा, हात दाबून दाबून शेवटी एक नंबर मोठी मागवतो ना, इथे उलटं, बांगडी तीच ठेवून मनगट मोठं करायचं). मग सर्जन ती कडा कापून पॅच लावून रुंद करतो. नॉनकोरोनरी सायनसमधून (सायनस म्हणजे झडपेलगतचा एऑर्टाचा फुगवटा) केलं तर ३३४११, व्हेंट्रिकलमधून कोन्नो पद्धतीने केलं तर ३३४१२. म्हणजे तुम्हाला नोटमध्ये बघायचंय की छेद कुठल्या सायनसमध्ये नेला आणि पॅच कशाचा लावला. नुसतं 'ॲन्युलस (म्हणजे तीच कडा) साइज केला', 'कॅल्शियम खरवडून काढलं' हे एन्लार्जमेंट नाही, कितीही मेहनतीचं वाटलं तरी.

आणि मथळ्यात रूट लिहिलंय म्हणून सरळ ३३४११ लावायलाही जाऊ नका! रूटच, म्हणजे एऑर्टाचा झडपेकडचा बुंधाच, काढून टाकलं, झडप आणि नळी एकत्र असलेला कंड्युइट बसवला आणि कोरोनरीची बटणं (हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्यांची तोंडं) परत शिवली तर ते बेंटॉल, ३३८६३, आणि झडप त्यातच आहे, त्यावर वर ३३४०५ नाही. बटणं हा शब्द नोटमध्ये शोधायचा. पेशंटची स्वतःचीच झडप ठेवून रूट बदललं तर डेव्हिड, ३३८६४. रॉस वेगळंच, तिथे पेशंटची पल्मनरी झडप काढून एऑर्टिकच्या जागी लावतात आणि पल्मनरीच्या जागी दान केलेली, ३३४१३. असं डोक्यालिटीचं काम डोनाल्ड रॉस यांनी १९६७ मध्ये केलं, आपण कोड देताना अजून गोंधळतो.

मेकॅनिकल-टिशूचं: सीपीटीमध्ये (डॉक्टरच्या बिलाचे हे पाच आकडी कोड) मेकॅनिकल असो की स्टेंटवाली, म्हणजे सांगाड्यावर बसवलेली, टिशू, ३३४०५ च. स्टेंटलेस टिशू असेल तर ३३४१०, होमोग्राफ्ट (माणसाची दान केलेली) असेल तर ३३४०६. पण तुम्ही हॉस्पिटलच्या बाजूने इनपेशंट (भरती पेशंट) करत असाल, म्हणजे आयसीडी-१० पीसीएस हे वेगळे कोड, तर तिथे मात्र सगळा खेळच त्यावर आहे. गाई-डुकराच्या टिशूची, उघडून बसवलेली एऑर्टिक झडप म्हणजे ०२आरएफ०८झेड, मेकॅनिकल म्हणजे ०२आरएफ०जेझेड. देवनागरीत लिहिलं की अगदी रिक्षाची नंबरप्लेट वाटते. सहावं अक्षर मटेरियलचं, पाचवं रस्त्याचं. कॅथेटरने त्वचेतून गेले तर पाचव्या जागी तीन.

ताई, मी कोडिंग शिकतेय. आईचं दोन वर्षांपूर्वी डीव्हीआर (दोन झडपा बदलणं) झालं, फाइलवर आरएचडी लिहिलंय. सरावाला तीच फाइल घेतली. पुस्तकात मायट्रल स्टेनोसिस (झडप अरुंद होणं) शोधलं तर आपोआप रूमॅटिकच्या कोडला नेतं, एऑर्टिक स्टेनोसिस शोधलं तर नॉनरूमॅटिकला. असं उलटसुलट का? आणि दोन झडपांना कोड कसे लावायचे?
*एक वाचक, कळवा*

आधी आईला नमस्कार सांग. तू विचारलेला प्रश्न मला फार आवडला कारण आमच्याकडे पाच-पाच वर्षं झालेली मुलं हा कोड पाठ म्हणतात पण असं का ते विचारत नाहीत.

लहानपणी स्ट्रेप्टोकॉकसने घसा येतो, नीट उपचार होत नाहीत, शरीर त्या जंतूंशी लढता लढता स्वतःच्याच सांध्यांवर आणि झडपांवर उठतं, सांधे बरे होतात पण झडपा हळूहळू जाड होऊन चिकटतात आणि वीस-तीस वर्षांनी जिना चढताना धाप लागते. हा रूमॅटिक हार्ट डिसीज, आरएचडी. त्याची आवडती जागा मायट्रल, हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप. मोठ्या माणसाची मायट्रल झडप अरुंद झाली तर बहुतेक वेळा कारण हेच, म्हणून पुस्तक म्हणतं, डॉक्टरने काही नाही लिहिलं तर रूमॅटिकच धरा, आय०५.०. एऑर्टिकचं उलट. अमेरिकेत ती वयाबरोबर कॅल्शियम साचून अरुंद होते, सत्तर-ऐंशीच्या आजी-आजोबांची, म्हणून न लिहिलेलं असेल तर नॉनरूमॅटिक, आय३५.०. मायट्रल गळत असेल आणि कारण दिलं नसेल तर तेही नॉनरूमॅटिक, आय३४.०. पण मायट्रल आणि एऑर्टिक दोन्ही बिघडल्या आणि कारण दिलं नाही, तर मात्र दोन वेगळे कोड नाहीत, एकच आय०८.०. आईचं हेच. आरएचडी लिहिलंय म्हणून तर नक्कीच. डॉक्टरने दोन्ही नॉनरूमॅटिक असं स्पष्ट लिहिलं तरच वेगवेगळे.

म्हणजे पुस्तकातले हे डिफॉल्ट मनाचे नाहीत, त्यांनी बघितलेल्या पेशंटचे आहेत. आपल्याकडे चाळिशीच्या बाईची एऑर्टिक अरुंद असेल तर आपल्या डॉक्टरच्या मनात आधी रूमॅटिक येईल. पण तिकडच्या चार्टला आपलं डोकं लावायचं नाही, लिहिलं असेल तेवढंच.

डीव्हीआर हा शब्द आपल्याकडचा, डबल व्हॉल्व्ह रिप्लेसमेंट. सीपीटीत डबलचा कोड नाही. मायट्रल ३३४३०, एऑर्टिक ३३४०५, दोन ओळी, मायट्रलचं मोल जास्त म्हणून ती वर आणि एऑर्टिकला मॉडिफायर ५१, म्हणजे त्याच वेळी केलेलं दुसरं ऑपरेशन. दुसऱ्याला साधारण निम्मे पैसे. छाती एकदाच उघडली, मशीन एकदाच लावलं, म्हणून. पण हे तू सरावापुरतं. आईच्या बिलावर यातलं काही नसणार, कारण महात्मा फुले योजना किंवा आयुष्मान असेल तर तिथे पॅकेज असतं, सिंगल व्हॉल्व्ह, डबल व्हॉल्व्ह असं सरळ, आणि फाइल हॉस्पिटलातला आरोग्यमित्र बघतो.

आता फाइल उलटी धर आणि मागून बघ. ओटीच्या कागदांत कुठेतरी दोन स्टिकर चिकटवलेली असतील, कंपनी, मॉडेल, साइज, सीरियल नंबर. ऑप नोटमध्ये सर्जन घाईत 'व्हॉल्व्ह बसवला' एवढंच लिहितो, कुठला ते स्टिकर सांगतं. साइज २७-२९ दिसली तर ती मायट्रलची असणार, १९-२१ दिसली तर एऑर्टिकची. आपल्या तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा इन्स्टिट्यूटने बनवलेली चित्रा व्हॉल्व्ह पण असू शकते, १९९० पासून बसवतात, ती मेकॅनिकल. मेकॅनिकल असेल तर आई रक्त पातळ करायची गोळी घेत असेल आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते) तपासत असेल. मग तिच्या पुढच्या प्रत्येक व्हिजिटला झेड९५.२ म्हणजे कृत्रिम झडप आहे आणि झेड७९.०१ म्हणजे ती गोळी कायम चालू आहे. गाई-डुकराची असेल तर झेड९५.३. आणि ऑपरेशन झाल्यावरच्या व्हिजिटला आय०८.० परत लावू नकोस, ती झडप आता कचऱ्यात गेली, आजार कुणाला लावतेस? (मेथी-पालक बंद केलेत का आईचे? बऱ्याच घरांत करतात. डॉक्टरला विचार, ते सहसा बंद नका करू, रोज सारखंच खा म्हणतात.)

बायपास झालेल्या पेशंटला सात वर्षांनी एव्हीआर, ३३५३० लागेल का? आणि जुन्या टिशू व्हॉल्व्हच्या आत टीएव्हीआर केला तर? आमच्यात यावर दोन तट पडलेत.
*एक वाचक, वाशी*

पहिल्याला हो. आधीचं बायपास किंवा व्हॉल्व्हचं ऑपरेशन होऊन महिन्याच्या वर झालं असेल आणि आता परत उघडून व्हॉल्व्ह करतायत तर ३३५३० ॲड-ऑन, ५१ न लावता. हाड परत कापायचं, आत सगळं चिकटलेलं, बायपासला जोडलेली जुनी रक्तवाहिनी (ग्राफ्ट) छातीच्या हाडाच्या खालीच, ती कापली गेली तर पेशंट टेबलावरच जातो, त्या जोखमीचे हे पैसे आहेत. वर आणखी मॉडिफायर २२ (जास्तीच्या मेहनतीचा) लावायचा मोह होतो, आवरा. चिकटलेलं सोडवणं ३३५३० मध्ये आलंच. जुन्या ऑपरेशनची तारीख मात्र चार्टमध्ये कुठेतरी हवी, 'रीडू स्टर्नोटॉमी' (छातीचं हाड परत कापलं) एवढ्यावर मी पास करत नाही.

दुसऱ्याला नाही. टीएव्हीआरला छाती परत उघडलीच नाही तर रीऑपरेशन कसलं? कोड तेच सहा, रस्ता बघून. तुमच्यातले दोन तट ज्यावर भांडायला हवे ते डायग्नोसिस आहे आणि त्यावर कोणी भांडत नाही. नोटच्या वर लिहिलेलं असतं 'सिव्हिअर एऑर्टिक स्टेनोसिस' आणि सगळे आय३५.० देतात. अहो, त्याची स्वतःची एऑर्टिक झडप केव्हाच काढलीय. अरुंद झालीय ती बसवलेली. टी८२.८५७ए. गळत असेल तर टी८२.०३एक्सए. परवा एकाच दिवसात मी अशा तीन केसेस परत पाठवल्या, तिन्ही वेगवेगळ्या मुलांच्या, तिन्ही चांगल्या मुलांच्या.

मॅडम, सीपीसीला (कोडिंगच्या सर्टिफिकेटची परीक्षा) बसतेय. हार्टवर किती भर देऊ? रात्रीच्या शिफ्टमुळे अभ्यास होत नाही.
*एक वाचक, दिघा*

शंभर प्रश्न, चार तास, पास व्हायला सत्तर टक्के. त्यात हार्टचे थोडेच, त्यामुळे वरचं सगळं पाठ करत बसू नका, पुस्तक समोर असतं. तेहतीस हजारच्या पानांवर टॅब लावा आणि कोडच्या आधी छापलेल्या बारीक सूचना रोज एक पान वाचा, तिथेच निम्मे प्रश्न लपलेले असतात. पुस्तकात हाताने लिहिलेलं चालतं, वेगळे कागद चिकटवलेले चालत नाहीत, सेंटरवर काढायला लावतात.

आणि ट्रेनमध्ये वाचायचा प्लॅन सोडा. सकाळी सहाच्या गाडीत मी पण पुस्तक घेऊन बसायचे. ऐरोलीला चढले, पहिलं पान उघडलं, डोळे उघडले तर परत ऐरोली, गाडी ठाण्याला जाऊन उलट पनवेलला निघाली होती. शिफ्ट सुरू व्हायच्या आधीचा अर्धा तास बघा, कॅन्टीन रिकामं असतं आणि चहा गरम असतो.